तिसऱ्या धुनेतली उडी

माझं काम लोकांना किती ऐकू येतं ते पाहण्याचं. कोथरूडमध्ये एका गल्लीत, तळमजल्यावर माझं छोटं केंद्र आहे. बाहेर सहा खुर्च्या, आत एक टेबल आणि टेबलापलीकडे आवाजबंद खोली. खोली म्हणजे सोसायटीच्या लिफ्टएवढा कप्पा, त्याला जाड दार आणि काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, ‘अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबा.’ मी बाहेरून एकेक आवाज सोडते आणि कागदावर खुणा करते. आतला माणूस काही बोलला तर ते माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून मला ऐकू येतं.

आत बसल्यावर लोक बरंच काही बोलतात. कुणी सुनेबद्दल पुटपुटतं. एका निवृत्त शिक्षकांनी एकोणतीसचा पाढा म्हटला होता, बिनचूक. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वाटतं आपण मनातल्या मनात बोलतोय. प्रत्यक्षात तो चांगला मोठ्याने बोलत असतो. मी शक्यतो लक्ष देत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी एक गृहस्थ आले. ऐंशी उलटलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बसणं ताठ. त्यांच्या सुनेने फॉर्म भरला. ‘मोठ्या आवाजात काम केलं आहे का’ या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, ‘आयुष्यभर. बँडमास्तर.’ पेठेत लग्नाच्या वरातींत वाजवणारा बँड त्यांचा होता. ते स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. असे कान मी पाहिले आहेत. जाड आवाज बरे ऐकू येतात, बारीक आवाज गेलेले असतात. त्यांचाही कागद तसाच येऊ लागला.

उजवा कान संपला, डाव्याच्या खुणा करायला मी पान उलटलं, तेवढ्यात स्पीकरमधून गुणगुणणं आलं. लाडिक, डुलती चाल. दोन ट्रम्पेट एकमेकांना चिकटून चालल्यासारखी. माझी पेन्सिल थांबली. ती धून मला पाठ होती. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, आणि तिथेच ते मधली जागा गाळून एकदम पुढे गेले. अडखळले नाहीत. जिन्यावरून येताना एक पायरी मुद्दाम चुकवावी तसे, सवयीने.

मी दार उघडून विचारलं, “मास्तर, ही धून कुठली?”

“आँ?”

“धून! कुठली?”

“आमच्या बँडची,” ते म्हणाले. “नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की हीच. दुसरी वाजवली तर लोक रागवायचे.”

“मूळची कुठली?”

“मूळची परदेशी. एका घरातून रेकॉर्ड आणली होती. नारायण पेठेत, आमच्या खोलीसमोर पहिल्या मजल्यावर.” मग ते म्हणाले, “ते गृहस्थ म्हणतात, ती रेकॉर्ड मी बिघडवली.”

“ते गृहस्थ माझे वडील,” मी म्हटलं. बँडच्या कोट-टोपीशिवाय इतक्या वर्षांनी मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

मास्तरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “असं होय. मग कान तरी नीट तपासा.”

ही रेकॉर्ड आमच्या घरातली एकमेव परदेशी वस्तू होती. बाबा एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे सहा महिन्यांसाठी आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना सामान हलकं करत होता. कुणाला त्याने छत्री दिली, कुणाला टाय, बाबांना ही मोठी रेकॉर्ड. तेवढ्यासाठी बाबांनी जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला. कव्हरवर समुद्रकिनाऱ्यावर उभे असलेले आठ पुरुष. सगळ्यांचे कोट एकसारखे, मोहरीच्या रंगाचे. हातात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, एकाकडे गिटार. वाळूत काळे चकचकीत बूट घालून ते हसत होते. इतक्या उन्हात कोट कशाला आणि वाळूत बूट कशाला, हे मला लहानपणी सारखं विचारावंसं वाटायचं. बाबा म्हणायचे, “बँडवाले आहेत. आपल्याकडचे नाही का मे महिन्यात कोट घालत?” बुटांचं उत्तर कुणी दिलं नाही.

दर रविवारी सकाळी, पोहे आणि दाढी यांच्या मधल्या वेळात, बाबा ती लावायचे. एका बाजूला सहा धुना, दुसऱ्या बाजूला सहा. शब्द एकाही धुनेला नाहीत. ऐकताना जागेवरून उठावंसं वाटू नये आणि झोपही येऊ नये, अशा बेताचं ते संगीत होतं. बाबांना इतर संगीताची फारशी आवड नव्हती. हे का आवडतं विचारलं तर म्हणायचे, “यात शब्द नाहीत. म्हणजे मतभेद नाहीत.”

तरी मतभेद झालाच. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तेव्हा बँडवाल्यांची नवी धून बसवायची एक रीत होती: गल्लीत ज्याच्याकडे रेकॉर्ड असेल त्याच्याकडून ती चार दिवसांसाठी मागून न्यायची, खोलीतल्या मशीनवर पुन्हापुन्हा लावायची, मास्तरांनी वहीत सारेगम उतरवून घ्यायची, मग बाकीच्यांकडून बसवून घ्यायची. लोक आनंदाने द्यायचे. आपल्या घरची रेकॉर्ड वरातीत वाजते हा मान असायचा. बाबांनीही दिली. दिली, आणि चार दिवसांनी ती परत आली तेव्हा जिन्यात मोठा आवाज झाला. मला त्यातलं बोलणं आठवत नाही. बाबांच्या हातात रेकॉर्ड होती आणि ती ते खिडकीच्या उजेडात तिरपी धरून दाखवत होते, एवढंच आठवतं. त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य कायमचं राहिलं: ‘रेकॉर्ड त्या बँडवाल्याने घालवली.’ शेजारच्या काकू इडलीपात्र मागायला आल्या तरी त्या गेल्यावर बाबा हे वाक्य म्हणायचे.

माझ्या लग्नात मास्तरांचा बँड समोर असताना बाबांनी दुसऱ्या पेठेतून बँड आणला. त्याने काय वाजवलं ते मला आठवत नाही.

आता त्या काचेच्या खिडकीजवळ बसून मास्तरांनी मला त्यांच्या बाजूने जिन्यातलं बोलणं सांगितलं.

“मी रेकॉर्ड परत द्यायला आलो आणि खरं तेच सांगितलं. म्हटलं, ‘साहेब, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या धुनेला पिन उडी मारते. मधली एक जागा ऐकूच येत नाही. तुमच्या मशीनवर तेवढी एकदा ऐकू द्या, वहीत उतरवतो आणि जातो.’ झालं! ते म्हणाले, ‘आमच्याकडे पिन उडत नाही. कधीच उडाली नाही. म्हणजे तुमच्याकडे काहीतरी झालं.’ रेकॉर्ड खिडकीपाशी नेली, आणि तिच्यावर होता की हो चरा. हा एवढा.” त्यांनी बोटभर अंतर दाखवलं. “मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून आहे. ते म्हणाले, मग पहिल्या दिवशीच पाडलात.”

“आणि तुम्ही नव्हता पाडला?”

“बाई, मी वाजवणारा माणूस. दुसऱ्याची रेकॉर्ड मी दोन बोटांनी, कडेला धरायचो. आमच्या पोरांना तर हात लावू द्यायचो नाही.” त्यांनी दोन बोटं हवेत तशी धरून दाखवली. “गुरुवारी लग्न होतं. ती जागा काही कळली नाही. मग जशी ऐकू आली तशीच बसवली, उडीसकट. साडेतीन मात्रा गायब. चार असत्या तर निभावलं असतं, ती अर्धी फार वाईट. ढोलवाल्याला सांगितलं, तिथे एक मोठा ठोका मार आणि पुढे चल. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. नाचणारे त्या ठोक्याला उडी मारायला लागले. दोन वर्षांत पेठेतली सगळी पोरं बरोबर त्याच जागी उडी मारायची.”

“मग चांगलंच झालं.”

“धुनेचं झालं,” मास्तर म्हणाले. “माझं नाही. त्यानंतर गल्लीत कुणी मला रेकॉर्ड दिली नाही. हा बिघडवतो म्हणायचे. पुढे कॅसेट आल्या म्हणून बँड चालला.”

मला नेहमीप्रमाणे उपाय सुचला. “ती मधली जागा मोबाईलवर सापडेल. आत्ता शोधून देऊ?”

“सुनेने कधीच शोधलीय. मी ऐकली नाही.”

“का?”

“एकदा ऐकली की मग तुमच्या वडिलांकडे काम काय राहिलं? मी त्यांच्याकडे ऐकायला मागितली होती. त्यांनी एकदा म्हणावं, तुम्ही बिघडवली नव्हती. मग ऐकीन.” त्यांनी हेडफोन पुन्हा चढवले. “चला, डावा कान राहिलाय.”

मी डावा कान तपासला. कानाचं मशीन बसवायला दोन आठवड्यांनी बोलावलं. ते गेल्यावर मोबाईलवर ती धून काढून मी ऐकली. अर्ध्या मिनिटात सापडली, मोहरीचे कोट आणि बूट सगळं तसंच. मला कुणी अट घातली नव्हती.

नारायण पेठ सोडल्यापासून माझ्या आईवडिलांचं घर केंद्रापासून दोन गल्ल्या पलीकडे. बाबा त्र्याऐंशीचे, आई अठ्ठ्याहत्तरची. बाबांनाही कमी ऐकू येतं, पण ते मशीन लावत नाहीत. त्यांच्या मते लोकच हल्ली स्पष्ट बोलत नाहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी गेले आणि आडून विचारायचं नाही असं ठरवून सरळ विचारलं, “बाबा, ती रेकॉर्ड मास्तरांनी बिघडवली हे तुम्हाला नक्की माहीत आहे?”

“कोण मास्तर?”

“बँडवाले.”

“नक्की म्हणजे काय! द्यायच्या आधी आपल्याकडे कधी उडाली नाही. त्यांच्याकडे गेली आणि उडाली. परत आली तेव्हा चरा होता. आता यात काय राहिलं?”

“परत आल्यावर आपल्याकडे उडाली?”

बाबांनी कप खाली ठेवला. “नाही.”

“चरा पडल्यावरसुद्धा?”

“आपलं मशीन चांगलं आहे,” बाबा म्हणाले.

“द्यायच्या आधी रेकॉर्ड कधी अशी उजेडात धरून पाहिली होती?”

“आपली रेकॉर्ड आपण कशाला तपासायची? दुसऱ्याकडून आली की तपासायची असते.”

आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. ती काहीच बोलली नाही. आई काहीच बोलत नाही असं सहसा होत नाही, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या कामात एक नियम आहे. पेशंटला आवाज ऐकू आला नाही तर आधी यंत्र तपासायचं. वायर सैल असते, हेडफोन उलटा असतो आणि आपण उगीच कानाला दोष देतो. मी रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी स्वतः आत बसून सगळे आवाज ऐकून घेते. इथे रेकॉर्ड एक होती आणि मशीनं दोन. मास्तरांचं मशीन कधीच भंगारात गेलं होतं. आमचं माळ्यावर होतं.

शनिवारी मी ते काढलं. झाकणावर बोटभर धूळ. चालू केलं तर फिरेना. कव्हरमधून रेकॉर्ड काढून बाल्कनीत नेली आणि तिरपी धरली. चरा होता. कुणीतरी नखाने ओढल्यासारखा, थोडा बाकदार.

मशीन स्कूटरवर पायाशी ठेवून बुधवार पेठेत नेलं. अशा जुन्या वस्तू दुरुस्त करणारा एक माणूस तिथे अजून आहे. त्याने मागचा पत्रा उघडला, वाळलेला पट्टा बदलला, तेल दिलं. मग पिनेच्या दांडीकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, हे काढून टाकू ना?”

दांडीच्या टोकाला, बरोबर पिनेच्या वर, पंचवीस पैशांचं नाणं बसवलेलं होतं. वर चिकटपट्टीचा तुकडा, आता पिवळा पडलेला. मी ते लहानपणापासून पाहत आले होते. इतकं पाहिलं होतं की ते मशीनचाच भाग वाटायचं.

“ते कशाला असतं?” मी विचारलं.

“वजनाला. रेकॉर्डवर चरा असला की पिन उडते. मग लोक वर नाणं ठेवायचे. दाबाने पिन खोबणीतच राहते, उडत नाही. पण रेकॉर्ड झिजते. काढू?”

“नको,” मी म्हटलं. “आहे तसंच राहू दे.”

परत येताना डेक्कनच्या सिग्नलला मी एकच गोष्ट घोळवत होते. नाणं आधी की चरा आधी?

रविवारी सकाळी पोह्यानंतर मी मशीन हॉलमधल्या टीपॉयवर मांडलं. बाबांनी नवा शर्ट घातला होता. कशासाठी ते विचारलं नाही. दुसरी बाजू लावली. पहिली धून झाली, दुसरी झाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, हातात पोह्याचा झारा तसाच. तिसरी सुरू झाली. ती जागा आली, टक् असा आवाज झाला आणि धून सरळ पुढे गेली. सगळ्या मात्रांसकट.

“बघ,” बाबा म्हणाले. “म्हटलं नव्हतं?”

“बाबा, हे नाणं कधी बसवलं?”

“ते पहिल्यापासून आहे. पिन बदलायला दुरुस्तीवाला आला होता, त्याने बसवलं.”

“मास्तरांना रेकॉर्ड दिली त्याच्या आधी की नंतर?”

“आधी! चांगलं वर्षभर आधी. मला तारखा पाठ असतात. मास्तरांनी नाण्याला हातही लावलेला नाही, त्याचं श्रेय त्यांना द्यायचं कारण नाही.”

मी चिकटपट्टी नखाने सोडवली, नाणं उचललं आणि तिसरी धून पुन्हा लावली. आता पिनेवर काही वजन नव्हतं. ट्रम्पेट डुलत डुलत आले, ती जागा आली आणि पिन टुणकन पुढे गेली. तीच उडी, तीच गळलेली जागा. मास्तरांनी काचेपलीकडे गुणगुणली होती ती हीच. माझा पाय आपोआप उचलला गेला, तेवढं मी कबूल करते.

“म्हणजे चऱ्यामुळेच उडते,” बाबा म्हणाले. “आणि चरा त्यांनी—”

“नाणं आधीचं आहे, तुम्हीच म्हणालात. पिन उडत नव्हती तर वर्षभर आधी नाणं कशाला ठेवलं?”

बाबांनी आधी नाण्याकडे पाहिलं, मग चऱ्याकडे. ते ड्रॉइंग ऑफिसातले आहेत; एकदा रेघा जुळल्या की त्यांना दिसतात. पण दिसल्या म्हणजे मान्य केल्या असं नाही. “दुरुस्तीवाल्याला विचारायला पाहिजे,” ते म्हणाले.

“तो वारला,” दारातून आई म्हणाली. “आणि नाणं त्याने नाही ठेवलं. मी ठेवलं.”

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“रेकॉर्ड पुसत होते. हातात पाटल्या होत्या, त्यातल्या एकीची कड लागली. संध्याकाळी तुम्ही यायच्या आत लावून पाहिली तर उडायला लागली. दुसऱ्या दिवशी पिन बदलायला तो आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, चार आणे ठेवा वर. ठेवले. तुम्हाला सांगितलं त्याने बसवलंय, काढू नका.”

“अगं, पण जिन्यात एवढं भांडण झालं तेव्हा का नाही बोललीस?”

“तुमचं बोलून व्हायची वाट बघत होते,” आई म्हणाली. “ते अजून झालेलं नाही.”

मग ती टीपॉयशी येऊन बसली आणि थोड्या खालच्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं दोन दिवसांत विसराल. तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात. तुम्ही सगळ्यांना सांगून झाल्यावर मी काय सांगणार होते? तुम्ही खोटे ठरला असता.” हे ती बाबांकडे न बघता म्हणाली. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. समोरच्या खोलीत एक माणूस रोज दिसत होता, त्याच्यापेक्षा तिने घरातली शांतता निवडली. आईला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “हो. तसंच केलं.” तिची बाजू एवढ्यावर संपली.

बाबांनी नाणं उचलून तळहातावर घेतलं. मग त्यांनी विचारलं, “ते तुझ्याकडे पुन्हा कधी येणार आहेत?”

“गुरुवारी अकराला.”

“मशीन लावायला?”

“हो.”

“मग मशीन लावायच्या आधी मी येतो,” बाबा म्हणाले. “लावल्यावर त्यांना फार चांगलं ऐकू येईल.”

गुरुवारी पावणेअकराला आईबाबा बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेले होते. शेजारी दोन पेशंट, एक आजी आणि एक बँकेतले गृहस्थ. मास्तर सुनेबरोबर वेळेवर आले. बाबांना त्यांनी दारातूनच ओळखलं असावं, कारण ते सर्वांत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी मास्तरांचा कागद हातात घेऊन दारात उभी होते.

आई आधी उठली. त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, “मास्तर, तो चरा माझ्या पाटलीचा होता. तुम्ही रेकॉर्ड नेली त्याच्या वर्षभर आधीचा.”

आईचा आवाज बारीक आहे. मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कानाशी वाकून सांगितलं. मास्तरांनी आईला हात जोडले. “वहिनी, फार उशीर केलात,” ते म्हणाले, पण कडू आवाजात नाही.

“केला,” आई म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

मग बाबा उभे राहिले. त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच मोठा असतो. “मास्तर,” ते म्हणाले, “रेकॉर्ड आपण बिघडवली नव्हती.”

मास्तरांनी मान थोडी पुढे केली. हात कानामागे नेऊन म्हणाले, “काय?”

बाबा दोन पावलं पुढे गेले. “रेकॉर्ड आपण बिघडवली नव्हती!”

“नीट ऐकू येत नाही हो,” मास्तर म्हणाले.

बँकेतल्या गृहस्थांनी पेपर खाली केला. आजी सरसावून बसल्या. बाबांनी घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुम्ही! रेकॉर्ड! बिघडवली नव्हती! मी चुकलो!”

“असं,” मास्तर म्हणाले. “बरं झालं सांगितलंत.”

त्यांचा कागद माझ्या हातात होता. जाड आवाज कुठपर्यंत ऐकू येतात ते त्यावर माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बाबांच्या पट्टीतला आवाज, तेवढ्या अंतरावरून, त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू यायला हवा होता. दुसऱ्या खेपेला तर नक्कीच. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. पेशंटची माहिती दुसऱ्याला सांगायची नसते, हाही आमचा नियम आहे. मी कागद फाईलमध्ये घातला आणि त्यांना आत बोलावलं.

मशीनं दोन्ही कानांना बसवली, आवाज बेताचा लावला. पहिले काही दिवस भांडी आदळल्यासारखं वाटेल, एवढं बजावलं. बाहेर आल्यावर बाबांनी पिशवीतून रेकॉर्ड काढून त्यांच्यासमोर धरली. “घेऊन जा. पाहिजे तेवढे दिवस ठेवा.”

मास्तरांनी ती दोन बोटांनी, कडेला धरून घेतली. खिडकीपाशी गेले, उजेडात तिरपी केली आणि बाबांना जवळ बोलावलं. “हा बघा चरा. आत्ता आहे. बघून घ्या, नंतर म्हणू नका.”

“बघितला,” बाबा म्हणाले.

“पण आमच्याकडे आता मशीन कुठे आहे?” मास्तरांनी रेकॉर्ड परत केली. “तेव्हा म्हटलं होतं तेच म्हणतो. तुमच्या मशीनवर तेवढी जागा एकदा ऐकू द्या.”

“रविवारी या,” आई म्हणाली. “पोहे करते.”

ते आले. कानात मशीनं, खिशात वही. बाबांनी नाणं जागेवर ठेवलं, नवी चिकटपट्टी लावली आणि दुसरी बाजू सुरू केली. पहिल्या दोन धुना मास्तरांनी डोळे मिटून ऐकल्या. तिसरीला डोळे उघडले आणि पेन्सिल वहीवर टेकवली. ती जागा आली. टक् झालं, आणि ट्रॉम्बोनने दोन सूर म्हटले. वर एक, खाली एक. मग ट्रम्पेट पुन्हा सुरू. झालं एवढंच. लहानपणी दर रविवारी ऐकलेलं असूनही, मोबाईलवर ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं की आपलं काहीतरी निसटलं.

मास्तरांनी बाबांकडे पाहिलं. “एवढंच?”

“एवढंच,” बाबा म्हणाले.

मास्तरांनी ते दोन सूर वहीत लिहिले, खाली रेघ मारली. मग वही मिटली आणि म्हणाले, “आता नाणं काढा. आमची लावा.”